ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीचे भारतीय रूप घडविले. पुढे दादरच्या शिशुविहारातून त्यांनी ते मराठी मुलांपर्यंत आणले. त्यानंतर बोर्डी व कोसबाड येथे खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांसाठी त्यांनी ही पद्धत नव्याने बेतली. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी या तीन कल्पना त्यांच्या या प्रयोगांतून पुढे आल्या. शाळेत न येणारे मूल शिक्षणास नालायक नसते, शाळेची वेळ, जागा, साधने आणि भाषा त्याच्या जगण्याशी जुळत नाहीत, हा विचार त्यांच्या सर्व कार्याच्या मुळाशी होता. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत केळकर कुटुंबात झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाशी निगडित होते. घरातील वातावरण सुधारकी होते. मुलींनी शिकावे, स्वतः विचार करावा आणि सार्वजनिक कामात भाग घ्यावा, या गोष्टी त्या काळी बहुसंख्य मराठी कुटुंबांत वादाच्या होत्या. या घरात त्या स्वाभाविक मानल्या जात. ताराबाईंचे शिक्षण मुंबईत इंग्रजी वळणाच्या संस्थांत झाले आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत पोचलेल्या मराठी स्त्रियांची संख्या फारच थोडी होती.

१९१५ मध्ये त्यांचा विवाह अमरावती येथील वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झाला. त्यांना प्रभा नावाची मुलगी होती. हे वैवाहिक जीवन टिकले नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. सुशिक्षित स्त्रीलाही एकटीने राहून चरितार्थ चालविणे अवघड होते असा तो काळ होता. ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. शिक्षिका घडविण्याच्या या कामामुळे बालशिक्षणाच्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. तत्कालीन शाळांतील घोकंपट्टी, छडी आणि सर्व मुलांना एकाच मापाने मोजण्याची रीत त्यांना पटत नव्हती.

भावनगर : गिजुभाईंसोबतचे कार्य

भावनगरमधील दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरी यांचे विचार वाचून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२३ मध्ये ताराबाई राजकोटची नोकरी सोडून दक्षिणामूर्तीत दाखल झाल्या. प्राचार्यपदाची प्रतिष्ठा सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसण्याचे काम पत्करणे हा त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटणारा निर्णय होता. लहान मुलांना सांभाळणे हे आयांचे काम समजले जाई. त्यासाठी शास्त्र असते आणि त्याचा अभ्यास करावा लागतो, ही कल्पना समाजात रुजलेली नव्हती.

माँटेसरी पद्धतीचा गाभा थोडक्यात असा सांगता येतो. मूल स्वतःच्या हालचालीतून आणि इंद्रियानुभवातून शिकते. प्रत्येकाची शिकण्याची गती वेगळी असते. शिक्षकाने सतत शिकवीत न बसता निरीक्षण करावे, योग्य साधन योग्य वेळी मुलाच्या हाती द्यावे आणि मग बाजूला व्हावे. बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींची गरज नसते, कारण काम नीट जमल्याचा आनंद मुलाला पुरेसा असतो. रोममध्ये १९०७ साली सान लोरेन्झो या गरीब वस्तीत माँटेसरींनी आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथील मुले कामगारांची होती. पुढे मात्र या पद्धतीची ठरावीक साधने, ती बनविण्याचा खर्च आणि प्रशिक्षणाच्या अटी यांमुळे अनेक देशांत ती सुखवस्तू कुटुंबांपुरती राहिली. भारतातही हाच धोका होता.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी भावनगरमध्ये या पद्धतीला पहिले भारतीय वळण दिले. माँटेसरी यांच्या मांडणीत परीकथांना फारसे स्थान नव्हते. भावनगरच्या बालमंदिरात मात्र लोककथा, बालगीते, नाट्यप्रवेश, लोकखेळ यांना शिक्षणाचा मुख्य भाग मानले गेले. आजी-आजोबांकडून गोष्ट ऐकत वाढणाऱ्या मुलांच्या शाळेतून गोष्ट वगळणे म्हणजे त्यांच्या घराचा अर्धा भाग दाराबाहेर ठेवण्यासारखे होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा प्रसार, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पालकांचे प्रबोधन हे संघाचे काम होते. संघाच्या शिक्षणपत्रिका या मासिकातून ताराबाईंनी गुजरातीत लेखन केले. मराठी ही मातृभाषा असूनही त्यांनी गुजराती इतकी आत्मसात केली की त्या भाषेत त्यांची पुस्तकेही प्रसिद्ध झाली.

शिशुविहार, दादर

भावनगरचा अनुभव घेऊन ताराबाई मुंबईत परतल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. मराठी माध्यमातून शास्त्रीय बालशिक्षण देणाऱ्या मुंबईतील सुरुवातीच्या संस्थांत तिची गणना होते. दादर ही तेव्हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची वाढती वस्ती होती. येथील मुले चाळींतून आणि लहान बिऱ्हाडांतून येत. त्यांना धावण्या-खेळण्यास मोकळी जागा नव्हती आणि त्यांच्या पालकांना लवकर अक्षरओळख हवी होती. त्यामुळे शिशुविहारात मुलांइतकेच पालकांचेही शिक्षण करावे लागले. पाटीवर अक्षरे गिरविण्याआधी मुलाचे हात, डोळे आणि कान तयार व्हावे लागतात, ही गोष्ट पालकसभांतून आणि लेखांतून समजावून सांगावी लागे.

शिशुविहाराला जोडून शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे कामही सुरू झाले. येथून तयार झालेल्या शिक्षिकांनी महाराष्ट्राच्या विविध शहरांत बालमंदिरे काढली. याच सुमारास, १९३९ मध्ये, स्वतः मारिया माँटेसरी भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे भारतात या पद्धतीचा बराच प्रसार झाला. ताराबाईंची दिशा मात्र हळूहळू वेगळी होत होती. पद्धत शुद्ध स्वरूपात जपावी की मुलांच्या परिस्थितीप्रमाणे तिच्यात बदल करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. शहरातील मूठभर मुलांना जे मिळते ते देशातील बहुसंख्य मुलांना कसे मिळणार, याचे उत्तर दादरमध्ये राहून सापडणारे नव्हते.

बोर्डीकडे स्थलांतर

१९३७ च्या वर्धा परिषदेपासून महात्मा गांधींची नई तालीम ही मूलोद्योगी शिक्षणाची योजना देशापुढे होती. ती प्रथम सात ते चौदा या वयोगटापुरती होती. १९४५ च्या सुमारास शिक्षण जन्मापासून मृत्यूपर्यंत चालते असा व्यापक विचार पुढे आला आणि सात वर्षांखालील मुलांच्या पूर्वबुनियादी शिक्षणाची चर्चा सुरू झाली. माँटेसरी यांचे बालमानसशास्त्र आणि गांधीजींचा ग्रामजीवनाचा आग्रह यांचा मेळ घालता येईल, असे ताराबाईंना वाटत होते. त्यासाठी खेड्यात जाऊन राहणे आवश्यक होते.

१९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) डहाणू तालुक्यात, समुद्रकिनाऱ्यावरील बोर्डी या गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. या कामात त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांची साथ लाभली. बालपणीच विधवा झालेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका बनलेल्या अनुताई त्यानंतर आयुष्यभर या कामाशी बांधल्या गेल्या. ताराबाईंची कल्पकता आणि शास्त्रीय बैठक आणि अनुताईंची चिकाटी व संघटनकौशल्य यांतून पुढचे सर्व प्रयोग उभे राहिले.

बोर्डीच्या परिसराचे सामाजिक चित्र विषम होते. किनाऱ्यालगत बागायती, सुस्थितीतील शेतकरी आणि बागमालक होते. आतल्या डोंगराळ भागात वारली आणि इतर आदिवासी समाजांचे पाडे होते. जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली, वेठबिगारी आणि लग्नगडी यांसारख्या प्रथा चालू असलेल्या अशी स्थिती होती. ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या भागात वारल्यांचा वेठबिगारीविरोधी लढा पेटला. ज्या घरात पुढच्या वेळच्या जेवणाची शाश्वती नाही आणि सहा-सात वर्षांचे मूलही कामाला जाते, तेथे बालवाडी कशी चालवायची, हा ताराबाईंपुढील प्रश्न होता.

अंगणवाडी

बोर्डीतील बालवाडी सुरू झाली तेव्हा सुस्थितीतील घरांची मुले आली. दलित आणि आदिवासी वस्त्यांवरील मुले आली नाहीत. याची कारणे अनेक होती. मोठी भावंडे कामावर गेल्यामुळे मुलांना पोचविणारे कोणी नव्हते. मुलांच्या अंगावर धड कपडे नव्हते. गावातील इतर मुलांच्या आणि मोठ्यांच्या वागण्याची भीती होती. चार वर्षांच्या मुलीच्या कडेवर एक वर्षाचा भाऊ असे, आणि त्याला सोडून ती येणार कशी, हाही प्रश्न होता. कार्यकर्त्या वस्तीवर जाऊन मुलांना घेऊन येऊ लागल्या. परंतु रोज गोळा करून आणण्यात वेळ जाई आणि आलेली मुले परकेपणाने गप्प बसत.

अशा वेळी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी व्यवस्थेची उलटतपासणी केली. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, असे ठरले आणि बालवाडी वस्तीतील घरांच्या अंगणात भरू लागली. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. या बदलामुळे केवळ अंतर मिटले नाही. अंगण हे मुलाचे स्वतःचे असल्याने पाहुणी ठरली ती शिक्षिका. मोठी बहीण धाकट्याला मांडीवर घेऊन बसू शकली. आया दारातून पाहू लागल्या आणि मुलांना न्हाऊ-माखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे या गोष्टी त्यांच्यासमोर झाल्यामुळे घरातही शिरल्या. स्वच्छता हा वेगळा विषय न राहता दिवसाचा पहिला पाठ बनला. मुलांबरोबर पालकांचे शिक्षण व्हावे हा शिशुविहारातील हेतू येथे अधिक सहजतेने साधला गेला.

साधनांचा प्रश्नही असाच सोडविण्यात आला. माँटेसरी यांची लाकडी मनोरे, रंगपट्ट्या, ध्वनिडब्या ही साधने विकत घेणे गावाला परवडणारे नव्हते. ताराबाईंनी प्रत्येक साधनामागील हेतू वेगळा काढला. लहान-मोठे ओळखणे, रंगछटा जुळविणे, स्पर्शाने आणि आवाजाने वस्तू पारखणे, बोटांना लेखनासाठी तयार करणे हे ते हेतू होते. मग ते साधण्यासाठी शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, काटक्या, माती, वाळू यांचा उपयोग करण्यात आला. पाच रुपयांचे साधन फुकटच्या वस्तूने बदलणे एवढाच याचा अर्थ नव्हता. या वस्तू मुलांच्या ओळखीच्या असल्याने त्यांविषयी त्यांना आधीपासून बरेच ठाऊक असे. कोणते बी कोणत्या झाडाचे, कोणता शिंपला कोठे सापडतो हे शिक्षिकेपेक्षा मुलांना अधिक माहीत असे, आणि ज्ञानाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ शके.

कुरणशाळा

पाच-सहा वर्षांच्या पुढील मुलांचा प्रश्न अधिक अवघड होता. आदिवासी मुले दिवसभर मालकाची किंवा स्वतःची गुरे चारीत. त्या बदल्यात मिळणारे अन्न किंवा किरकोळ मोबदला कुटुंबाला आवश्यक असे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा किंवा पटनोंदणीची मोहीम यांनी हा प्रश्न सुटत नव्हता; नाव पटावर राही आणि मूल रानात. म्हणून शिक्षक साहित्याची पेटी घेऊन मुले गुरे चारीत असलेल्या कुरणात जाऊ लागले. यालाच कुरणशाळा हे नाव मिळाले.

कुरणशाळेचे वेळापत्रक गुरांच्या चरण्याशी जुळवून घेतलेले असे. गुरे शांतपणे चरत किंवा सावलीत विसावत असताना मुले झाडाखाली जमत. गुरे पांगली की कोणी तरी उठून ती वळवून आणी. त्यामुळे सर्वांनी एकाच वेळी एकच धडा घेणे शक्य नसे. छोटे गट, वेगवेगळी गती आणि मध्येच सोडून पुन्हा सुरू करता येईल असे काम, ही रचना परिस्थितीनेच ठरविली. माँटेसरी पद्धतीतील व्यक्तिगत गतीचे तत्त्व येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडले. गुरांची मोजदाद, दिशा, ऋतू, झाडे, पक्षी, ओढ्याचे पाणी हे पाठाचे विषय झाले आणि वाचन, लेखन, गणित त्यांना जोडून आले. गाणी आणि नाच ही आदिवासी जीवनाची अंगे शिक्षणातही स्वाभाविकपणे सामावली.

भाषेबाबतही हेच धोरण होते. वारली मुलांची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी होती. शाळेत पहिल्याच दिवशी आपली भाषा चुकीची असल्याचे कळलेले मूल पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून मुलाला आधी त्याच्या बोलीत बोलू द्यावे आणि प्रमाण मराठीकडे क्रमाक्रमाने न्यावे, अशी रीत अवलंबण्यात आली.

कोसबाड आणि विकासवाडी

१९५७ मध्ये केंद्राचे काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाड येथील टेकडीवर हलले. किनाऱ्यावरील संमिश्र गावातून आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी येणे हा या स्थलांतराचा अर्थ होता. येथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच दृष्टीने चालविणे हे तिचे स्वरूप होते.

या जोडणीमागे दोन कारणे होती. पहिले व्यवहाराचे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठी मुलगी घरी राहते. पाळणाघर असेल तर ती शाळेत येऊ शकते. म्हणजे मुलींची प्राथमिक शाळेतील गळती थांबविण्याचा उपाय तान्ह्या मुलाच्या पाळण्यात होता. दुसरे कारण शैक्षणिक होते. बालवाडीत मोकळेपणाने शिकलेले मूल पहिलीत जाताच हाताची घडी घालून बसविले जाते आणि आधीचे सर्व श्रम वाया जातात. बालवाडी व प्राथमिक शाळा यांच्यातील ही भिंत काढून टाकली तर मुलाला शिक्षणाचा प्रवाह अखंड मिळतो. पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक शिक्षणाचे सातत्य हा विषय आज शैक्षणिक धोरणांत महत्त्वाचा मानला जातो. कोसबाडला तो प्रत्यक्ष प्रयोगातून हाताळला गेला होता.

शिक्षकांची घडण

मुलांच्या परिस्थितीप्रमाणे पद्धत बदलायची तर ती बदलू शकणारा शिक्षक हवा. ठरावीक धडे ठरावीक क्रमाने घेणारा शिक्षक कुरणात निरुपयोगी ठरला असता. म्हणून ताराबाईंच्या प्रशिक्षणात निरीक्षणाला विशेष स्थान होते. मूल काय करते, कोठे अडते, कशात रमते हे पाहणे आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरविणे हे शिक्षकाचे मुख्य कौशल्य मानले गेले. शहरातून आणलेल्या उच्चशिक्षित शिक्षकांपेक्षा स्थानिक, कमी शिकलेल्या परंतु वस्तीची भाषा आणि चालीरीती जाणणाऱ्या स्त्रियांना तयार करणे अधिक उपयुक्त ठरते, हेही या कामातून दिसून आले. अशा बालसेविकांच्या प्रशिक्षणामुळे खेड्यातील स्त्रियांना कामाची आणि मानाची एक नवी वाट मिळाली.

लेखन आणि संपादन

शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. पालक आणि शिक्षक हा तिचा वाचकवर्ग होता. मुलांचा हट्ट, भीती, खोटे बोलणे, मारझोड, शिस्त आणि स्वातंत्र्य अशा रोजच्या प्रश्नांवर त्यांनी सोप्या भाषेत लिहिले. बालविकास व शिस्त, बालकांचा हट्ट, बिचारी बालके ही त्यांची पालकांसाठी उपयुक्त ठरलेली पुस्तके होत. नदीची गोष्ट हे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध आहे. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत त्यांचे लेखन विपुल आहे. आपले प्रयोग कसे सुरू झाले, काय फसले आणि का बदलावे लागले याची नोंद ठेवण्यावर त्यांचा भर होता.

सार्वजनिक जीवन आणि सन्मान

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. शिक्षणविषयक विविध समित्यांवरही त्यांनी काम केले. १९४९ मध्ये इटलीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय माँटेसरी परिषदेत त्या सहभागी झाल्या होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अनुताई वाघ यांना १९८४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. ३१ ऑगस्ट, १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.

ताराबाईंच्या जीवनावर पद्मजा फाटक यांनी चरित्र लिहिले आहे. रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक त्यांच्या जीवनावर आधारलेले आहे. बालशिक्षणासाठी वाहून घेतलेल्या स्त्रीच्या स्वतःच्या घराचे काय झाले, हा या नाटकाचा विषय आहे.

मर्यादा

ताराबाईंच्या प्रयोगांचा विचार करताना काही प्रश्न उपस्थित होतात. कुरणशाळेने मुलाचे काम गृहीत धरून त्याभोवती शिक्षण बेतले. मुलाने गुरे राखावीत का, हा मूळ प्रश्न तिने सोडविला नाही. मात्र तेव्हा त्या मुलांपुढे पूर्णवेळ शाळा आणि कुरणशाळा असा पर्याय नव्हता. कुरणशाळा किंवा काहीच नाही, असा होता. दुसरी अडचण विस्ताराची होती. अनुभवी आणि ध्येयवादी कार्यकर्त्यांच्या हाती यशस्वी झालेला प्रयोग हजारो ठिकाणी नेताना त्याचे बाह्य रूप टिकते, पण निरीक्षणाची आणि बदलण्याची वृत्ती हरवते. मुलांनुसार बदलणारी पद्धत परिपत्रकात बसविली की ती पुन्हा सर्वांना एकच मापाची होण्याचा संभव असतो. तिसरा प्रश्न सेविकांच्या मोबदल्याचा आहे. सेवाभावावर उभे राहिलेले काम शासकीय योजना झाल्यावरही मानधनावरच राहिले, आणि अंगणवाडी सेविकांची वेतनाची मागणी अजूनही चालू आहे.

वारसा

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर, १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तेव्हा देशभर ३३ प्रायोगिक प्रकल्प घेण्यात आले होते. या योजनेच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले आणि बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला हा मराठी शब्द पुढे देशभर पोचला. शासकीय अंगणवाडीत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सेवा एकत्र आल्या. त्यांपैकी शिक्षणाच्या भागाकडे आहाराच्या तुलनेने कमी लक्ष दिले जाते, अशी टीका होत असते.

मूल जेथे असेल तेथे शाळा नेण्याची कल्पना महाराष्ट्रात नंतरही वेगवेगळ्या रूपांत पुढे आली. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा भरल्या. वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. या शाळा आणि कुरणशाळा यांच्यामागील विचार एकाच जातीचा आहे.

ताराबाईंनी हाताळलेले प्रश्न ठाणे-पालघरपुरते मर्यादित नाहीत. खानदेशाचे उदाहरण घेतले तर जळगाव व धुळे जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आणि भिल्ल मुले घरी आपापल्या बोली बोलतात. गिरणाकाठच्या भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात अनेक घरांची भाषा अहिराणी आहे. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांना प्रमाण मराठीत मिळते. ऊसतोडीसाठी काही कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात आणि त्यांची मुले शाळेच्या वर्षाच्या मध्यावर पटावरून नाहीशी होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या मुलींची हजेरी घटते. एकाच वर्गात शेतकऱ्याचे, मजुराचे, नोकरदाराचे आणि मेंढपाळाचे मूल बसते. अशा वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला बोर्डी आणि कोसबाड येथील प्रयोगांतून तयार उत्तरे मिळत नाहीत, कारण कुरणशाळा जशीच्या तशी उचलून नेणे ताराबाईंच्या विचाराशी विसंगत ठरेल. मिळते ती प्रश्न विचारण्याची रीत. मूल का येत नाही, आले तर का बोलत नाही, त्याला आधीपासून काय येते आणि शाळेची कोणती अट त्याच्या आड येते, हे प्रश्न प्रत्येक गावात नव्याने विचारावे लागतात.

भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड या चार ठिकाणी ताराबाईंनी चार वेगवेगळ्या प्रकारच्या मुलांसोबत काम केले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांची शाळा वेगळी दिसली. बालकाचा सन्मान, त्याच्या गतीचा आदर आणि शिक्षेला नकार ही तत्त्वे मात्र सर्वत्र तीच राहिली. मराठी बालशिक्षणाच्या परंपरेत त्यांचे स्थान मुख्यतः या भेदाच्या जाणिवेमुळे आहे. शिक्षणात काय बदलायचे आणि काय बदलू द्यायचे नाही, हे त्यांनी अनुभवाने निश्चित केले आणि पुढील पिढ्यांसाठी नोंदवून ठेवले.